मानेखाली गुंडूमामा

आमच्या उचगावातल्या घरी सोप्याला, म्हणजे पुढच्या खोलीत, माझ्या आज्जांचा मोठा फोटो आहे. डोक्याला पांढरी टोपी, अंगात काळा कोट, खिशाला पेन, डावा हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर. त्यातली टोपी आणि तोंड आज्जांचं. बाकी सगळे गुंडूमामा आहेत.

गुंडूमामा आमचे कुणी लागत नाहीत. आमच्याकडं ज्या वडीलधाऱ्या माणसाचं नातं ठाऊक नसतं तो मामा, तसे ते मामा. त्यांचं अंग जिल्ह्यातल्या किती भिंतींवर आहे ते त्यांनाही सांगता येत नाही. गारगोटीला आहे, चंदगडला आहे, बेळगावच्या वाटेवरच्या गावांतही असणार. तोंड मात्र एकाही भिंतीवर नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्या मुंडक्यासकट एक फोटो मिळाला का, एवढीच ही गोष्ट आहे. रहस्य बिहस्य काही नाही.

मी चंदना. विद्यापीठात दृश्यकला, कलेचा इतिहास आणि क्युरेटिंग शिकते. हे वाक्य मी पहिल्यांदा घरात बोलले तेव्हा आप्पा जेवत होते. आप्पा म्हणजे माझे वडील, शांतिनाथ पाटील, खतांचं दुकान आहे त्यांचं. घास तसाच हातात ठेवून ते म्हणाले, "म्हणजे चित्रं काढणार?"

"न्हाय. दुसऱ्यांनी काढलेली कुठं आणि कशी लावायची ते शिकणार."

"म्हणजे भिंतीत मोळा ठोकायचा अभ्यास."

"तसं म्हणा."

"त्याला दोन वर्सं?"

मी हो म्हटल्यावर त्यांनी घास तोंडात घातला. दुकानात कुणी विचारलं तर "पोरगी युनिव्हर्सिटीत हाय" एवढंच सांगतात, आणि पुढचं विचारलं की युरियाचा विषय काढतात. आमची आत्या बरी. ती म्हणाली, "मग मेंदी काढतीस काय गं?" ज्याला त्याला समजावत बसलं तर माणूस म्हातारं होतं.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं आपलं एक प्रदर्शन उभं करायचं असतं. आमचे मार्गदर्शक विजयसिंह सर. सर कुठल्याही चित्रापुढं उभे राहिले की डोळे बारीक करून म्हणतात, "यात एक ताण आहे." नोटीस बोर्डापुढं उभं राहूनही म्हणालेत, मी स्वतः ऐकलंय. कुणी मंदिरातल्या मूर्ती घेतल्या, कुणी तालमीतले जुने फोटो घेतले. मी मेलेली माणसं घेतली. म्हणजे घराघरांत सोप्याला लावलेले, हार घातलेले मोठे फोटो. जिवंतपणी ज्या माणसाला कुणी नीट बघितलेलं नसतं त्याचा मेल्यावर केवढा थाट असतो, ते मला दाखवायचं होतं.

फोटो मागायला गेल्यावर कळलं की एखाद्याकडनं जिवंत म्हातारा मागून आणणं सोपं. मोळा उघडा ठेवायचा नाही, कुणी म्हणालं. अमावास्येला न्यायचा नाही, दुसरं म्हणालं. आप्पा म्हणाले, "बापाला घिऊन कुठं निघालीस?" बराच वेळ घातला तेव्हा कुठं त्यांनी फोटो काढून दिला, आणि त्या मोळ्याला खतकंपनीचं कॅलेंडर अडकवलं. आईनं कॅलेंडरलाही सवयीनं हात जोडले.

सगळ्यात अवघड शेवंताआजी. आमच्या मागच्या गल्लीतल्या, गावच्या शाळेत खिचडी शिजवून रिटायर झालेल्या. त्यांचे मालक धोंडीराम कांबळे फौंड्रीत होते. ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांचा फोटो घरात बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या शेजारी आहे. मी मागितला तेव्हा आजींनी पदरानं काच पुसली आणि म्हणाल्या, "एकटं न्हाईत जायाचं ते. मी सोडाय येतो."

आल्याच. उचगावपासून विद्यापीठापर्यंत रिक्षात फोटो मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्याचं तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे त्यांना रस्ता दिसेल. गेटवर वॉचमननं विचारलं, "कुणाकडं जायचंय?" आजी म्हणाल्या, "ह्यांला ॲडमिशन घ्यायचीया." वॉचमननं सोडलं.

आता आमच्या शिक्षणातली एक गोष्ट सांगते. चित्रं लावताना प्रत्येकाचा मध्य बघणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर यावा लागतो. मी दोरी धरून, मापं घेऊन सगळे फोटो एका ओळीत लावले. बहुतेक सगळे एकाच आकाराचे होते, त्यामुळं तोंडं एका रेषेत आली. मग मी लांब जाऊन बघितलं. तोंडंच काय, पेनंही एका रेषेत होती. बटणंही होती. खुर्चीवरचा डावा हात प्रत्येकाचा त्याच जागी, आणि त्या प्रत्येक हाताची करंगळी आत वाकलेली. माझे जैन आज्जा, शेवंताआजींचे धोंडीराम, गारगोटीचे एक मास्तर, तिघा-चौघा पाटलांचे बाप, सगळ्यांची करंगळी वाकडी. इतकी वर्षं प्रत्येकजण आपापल्या घरात एकटा होता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी त्यांना शेजारी शेजारी उभं केलं आणि घोटाळा झाला.

सर आले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "यात एक ताण आहे." पहिल्यांदाच तो खरोखर होता.

फोटोंच्या मागं एकाच स्टुडिओचा शिक्का होता. पत्त्यावर गेले तर तिथं मोबाईलचं दुकान. मालकाला विचारलं, तर त्यानं अंगठ्यानं मागं दाखवलं. "जागा घेतली तवा आत काऊंटर, पंखा आन् गुंडूमामा होते. तिन्ही ठेवून घेतलं."

मागच्या स्टुलावर एक वाळका म्हातारा माणूस मोबाईलला स्क्रीनगार्ड लावत होता. मी माझा मोबाईल पुढं केला, त्यात आज्जांच्या हाताचा फोटो होता. "मामा, हा हात कुणाचा, सांगता येईल का?"

त्यांनी आधी मोबाईल उलटसुलट केला. "कोपरा उचललाय. बदलून घ्या." मग फोटो बघितला. मग आपला डावा हात काऊंटरवर ठेवला. करंगळी आत वाकलेली. "माझाच हाय. आता जरा वाळलाय."

गुंडू गावडे मूळचे चंदगडकडचे. पोरवयात कोल्हापूरला आले आणि स्टुडिओत फोटो धुवायला राहिले. एक दिवस स्टुडिओच्या मालकांनी त्यांना पुढून मागून बघितलं आणि म्हणाले, "तुझं अंग कुणालाबी चालतंय." ना जाड ना बारीक, ना उंच ना बुटकं. मालकांनी काळा कोट शिवून घेतला, खुर्चीशेजारी उभं केलं आणि फोटो काढला. धंदा असा होता की माणूस मेल्यावर घरच्यांना आठवायचं, आपल्याकडं ह्याचा फोटोच नाही. मग लग्नातल्या ग्रुपफोटोत मागं कुठंतरी उभं असलेलं सुपारीएवढं तोंड घेऊन यायचे. मालक ते मोठं करायचे, कापायचे, गुंडूमामांच्या मानेवर चिकटवायचे, वरनं ब्रश फिरवायचे आणि त्याचा परत फोटो काढून रंगवायचे.

"सांधा दिसायचा न्हाय," गुंडूमामा म्हणाले. आवाजात जरा ताठा होता.

"आणि तुमचं तोंड?"

"ते कापून टाकायचं. कॉलरच्या वरचं."

"एकदा तरी ठिवायचं की."

"मालक म्हणायचे, तुझं तोंड कोण घेणार?"

मालकांनी त्यांना शपथ घातली होती की हे कुठं बोलायचं नाही. लोकांच्या बापाचा प्रश्न आहे. गुंडूमामांनी ती पाळली, आणि ती त्यांना महागात पडली. तरुणपणी गारगोटीकडं एक पोरगी बघायला गेले. बघायला जायचं म्हणून मालकांकडनं तोच कोट मागून घेतला. जाऊन सोप्यात बसले आणि वर बघितलं, तर समोरच्या भिंतीवर पोरीचा आज्जा त्याच कोटात. पोरीच्या बापानं एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा पावण्याकडं, परत भिंतीकडं. "पावणं, आमच्या बापाचा कोट तुमच्या अंगात कसा?" गुंडूमामांना शपथ होती, ते गप्प बसले. घरच्यांनी समजून घेतलं ते असं की हा मेलेल्यांची कापडं घालून पोरी बघत फिरतो.

"च्या आला," गुंडूमामा म्हणाले. "पोरगी आली न्हाय."

त्यानंतर त्यांनी कोट घातला तो फक्त फोटोपुरता, आणि पोरगी बघायला गेले नाहीत. हे ऐकून मला आधी हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं. दोन्ही झालं, ते सांगून टाकते.

"मग आता सांगितलंसा ते? शपथ?"

"मालक गेले की. त्यांचाबी फोटो मीच करून घेतला. त्यांच्याबी मानेखाली मीच हाय." त्यांनी एक स्क्रीनगार्ड फुंकर मारून बसवला, आत एक बुडबुडा नाही. "येक पुरा फोटो असायला पायजे हुता माझा. आधारकार्डावर हाय, पर त्यात मी पाकीट मारताना घावल्यागत दिसतोय. माणूस मेलं की लोक फोटो शोधत्यात. माझ्यामागं शोधणारं कोण न्हाय म्हणा. पर शोधलाच, तर घावाय पायजे."

त्यांच्या पेटीत एकच जुनी प्रत उरली होती. कोट, पेन, हात, खुर्ची, आणि कॉलरच्या वर सरळ कापलेलं. ती बघून सर खुलले. म्हणाले, ही शेवटी लावायची, मोठी करून, आणि खाली नाव द्यायचं नाही. "नाव दिलं की ताण जातो, चंदना."

"सर, ताण जाऊ दे. माणूस येऊ दे."

सरांना हे आवडलं नाही, पण त्यांनी वहीत लिहून घेतलं.

आधी मला वाटलं, यात अवघड ते काय? मोबाईलवर गुंडूमामांच्या तोंडाचा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर त्यांच्याच जुन्या अंगावर बसवला. चहा गार व्हायच्या आत झालं. त्यांना दाखवलं. त्यांनी नाक लावून गळ्यापाशी बघितलं आणि म्हणाले, "सांधा झ्याक हाय." मग जरा लांब धरून बघितलं. "पर हे मेलंय."

"मामा, तुम्हीच आहात की."

"ह्या कोटात जितं माणूस मी कधी बघितलं न्हाय. काढून टाक."

काढून टाकलं. प्रदर्शनात शेवटी बिनमुंडक्याची प्रतच लागली. पण पाट्या मी माझ्या मनाच्या केल्या. आम्हाला शिकवलेलं असतं की प्रत्येक चित्राखाली नाव, माध्यम, कुणाच्या संग्रहातलं, ते सगळं लिहायचं. आज्जांच्या फोटोखाली मी लिहिलं: "बाबगोंडा पाटील, उचगाव. चेहरा: बाबगोंडा पाटील. शरीर: गुंडू गावडे, चंदगड." अशीच प्रत्येकाखाली. भिंतीवर तोंड नाही तर नाही, नाव तरी येऊ दे, असा माझा हिशेब होता. घरच्यांना आधी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर त्यांनी फोटो परत नेले असते, म्हणून सांगितलं नाही.

उद्घाटनाला आप्पा आले. इस्त्रीचा सदरा, बरोबर दुकानाची दोन गिऱ्हाइकं, कारण लेकीचं प्रदर्शन दाखवायचं होतं. सरळ आपल्या बापापुढं गेले, हात जोडले, आणि मग पाटी वाचली. दोनदा वाचली. गिऱ्हाइकांनीही वाचली.

"चंदना," आप्पा म्हणाले, "हे काय?"

"खरं हाय ते, आप्पा."

"कोट मी स्टुडिओत सांगून घालून घेतलेला. आण्णांनी जल्मात कोट घातला न्हाय, ते मला ठाव हाय. पर कोटाच्या आत आमचा बाप हुता."

"न्हवता, आप्पा."

"मग एवढी वर्सं मी कुणाच्या पाया पडलो?"

गुंडूमामा पाण्याच्या जारजवळ उभे होते. मी हात केला. आप्पांनी त्यांच्याकडं बघितलं. चांगलं डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, आणि त्यातल्या त्यात मानेखाली जास्त. मग माझ्याकडं वळले. आवाज चढलेला होता, आणि आमच्या घरात चढलेला आवाज म्हणजे दोन गल्ल्या ऐकतात. "पाटी काढ. न्हायतर फोटो घिऊन चाललो मी."

बाकीच्या घरचे लोकही जमा झाले. गारगोटीचे मास्तर ज्यांचे वडील होते ते गृहस्थ म्हणाले, "आमचीबी काढा." सर एका कोपऱ्यात उभे राहून ताण बघत होते. मला रडू यायला लागलं होतं, आणि रागही यायला लागला होता. मग गुंडूमामाच पुढं आले.

"काढ बाई," ते म्हणाले. "लोकांच्या बापाचा प्रश्न हाय." आणि स्क्रीनगार्ड उचलतात तसा त्यांनी नखानं पाटीचा कोपरा उचलला. आपलंच नाव काढताना त्या माणसाचा हात जरासुद्धा हलत नव्हता.

"ऱ्हाऊंद्या ते," मागनं आवाज आला.

शेवंताआजी. पांढरी साडी नेसून आलेल्या, रिक्षा लागल्यानं चेहरा उतरलेला. त्यांनी गुंडूमामांचा डावा हात मनगटाला धरून पाटीवरनं काढला आणि उजेडात घेतला. भाजी घेताना बघतात तसा उलटसुलट करून बघितला.

"आमच्या ह्यांची दोन बोटं फौंड्रीत गेलती," त्या म्हणाल्या. "ह्याच हाताची. ते गेल्यावर मी स्टुडिओत गेलते. म्हटलं, बाबासाहेबांच्या शेजारी लावायचाय फोटो. कोट पायजे, आन् बोटं पुरी पायजेत. त्यांनी दिली. माझ्या मालकाची बोटं किती, ते मला ठाव नसंल व्हय? रोज काच पुसताना म्हणायची, ही कुणाची असतील. ज्यानं दिली त्याला साधा च्या बी पाजला न्हाई आपण."

गुंडूमामांना असं कधी कुणी धरलेलं नसावं. ते नुसते हाताकडं बघत राहिले.

"पर करंगळी वाकडी दिलासा," आजी म्हणाल्या.

"जल्माची हाय."

"असूंदे."

आप्पा तिथंच उभे होते. त्यांना राग धरून ठेवता येत नाही, आणि सोडलेलाही दाखवता येत नाही. त्यांनी खाकरून विचारलं, "पावणं, कोट कुठं शिवलेला?"

"मालकानी शिवलेला."

"बसलाय चांगला. आमच्या आण्णांला बसला असता काय?"

गुंडूमामांनी आज्जांच्या तोंडाकडं बघून अंदाज घेतला. "गळ्याला कमी पडला असता."

"पडला असता," आप्पा म्हणाले, आणि पाटीचा उचललेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला. मास्तरांच्या मुलानं जाताना गुंडूमामांना वाकून नमस्कार केला, चुकून की मुद्दाम, ते त्यालाच ठाऊक.

एका पेपरचा फोटोग्राफर आला होता. त्यानं सगळ्यांना भिंतीपुढं उभं केलं. मी गुंडूमामांना मधोमध ओढलं. "मामा, आता पुरा फोटो येतोय बघा." ते मधोमध उभे राहिले, आणि सवयीनं त्यांचा डावा हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर गेला. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. जागा कमी पडली असणार, वरनं कापला होता. बसलेले सगळे आले होते. उभ्यांपैकी सर आले होते, कारण सर बुटके आहेत. गुंडूमामा कॉलरपर्यंत आले होते.

मी पेपर घेऊन दुकानात गेले. त्यांनी तो काऊंटरवर पसरला, नीट बघितला आणि म्हणाले, "हात बरा आलाय." मला तिथं जे रडू आलं ते आलंच. दुकानाच्या मालकाला वाटलं, मोबाईल चोरीला गेला.

सरांनी मला मार्क चांगले दिले, शेऱ्यात मात्र लिहिलं की पाट्यांमुळं ताण कमी झाला. लिहू देत.

प्रदर्शन संपल्यावर शेवंताआजी आपल्या मालकांना न्यायला आल्या. फोटो मांडीवर घेतला आणि रिक्षात बसल्या बसल्या म्हणाल्या, "त्या पावण्यांला घिऊन ये घरी. आन् तुझा मोबाईल आण."

मी गुंडूमामांना उचगावला घेऊन गेले. धुतलेला साधा सदरा, केस पाणी लावून बसवलेले. आजींनी आधी चहा दिला. मग घरातली एकुलती खुर्ची दाराशी, उजेडात ठेवली. गुंडूमामा तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि हात पाठीवर ठेवला.

"बसा की," आजी म्हणाल्या. "किती वर्सं हुभं ऱ्हाणार?"

ते खुर्चीकडं बघत राहिले. एवढ्या वर्षांत त्या जागेत कुणी बसलेलं त्यांनी बघितलं नसेल. मग बसले. हात कुठं ठेवायचे ते कळेना, म्हणून मांडीवर ठेवले. मी फोटो काढला. टोपी नाही, कोट नाही, डोळे जरा बावरलेले, डोक्यापासून पायापर्यंत पुरा माणूस.

तो फोटो मी मोठा करून, चौकट करून दिला. आजींनी स्वतः मोळा ठोकला, धोंडीरामांच्या शेजारी. त्याला हार नाही. नवीन कुणी आलं आणि हात जोडायला लागलं की आजी सांगतात, "त्यांला नगं, ते हाईत अजून." आणि हे कोण म्हणून विचारलं तर म्हणतात, "आमच्या ह्यांची बोटं."

गुंडूमामा रविवारी दुकान बंद असलं की येतात. चहा घेतात, फोटोपुढं उभे राहून बराच वेळ बघतात आणि म्हणतात, "करंगळी वाकडीच आलीया."

शेवंताआजी कप उचलून नेता नेता म्हणतात, "असूंदे. आता सवय झालीया."